शुक्रवारी आनंदाची रहस्यं

आखातातल्या खोर फक्कानला मार्सेलीन हसली की आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांना कळायचं. मी तिच्या नेमकी वरच्या मजल्यावर राहायचे. क्लिनिकमधली ड्यूटी संपवून आले, पाय वर करून चहा घ्यायला बसले की खालून तो आवाज यायचा आणि माझा चहा तसाच राहायचा, कारण काय झालं हे विचारायला खाली जावंच लागे. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसे. सतीशनं पोह्यांत दोनदा मीठ घातलेलं असे, नाहीतर त्यांची लेक मिहिका शाळेतून काहीतरी नवं इंग्रजी शिकून आलेली असे. अशा बाईशी तिचा बाप नऊ वर्षांत एक शब्द बोललेला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही दोघी वसईच्या, कॅथलिक. वसईचा ख्रिस्ती म्हणजे घरात मराठी, चर्चमध्ये मराठी आणि पगारासाठी आखात. मी दुल्सीन परेरा, नर्स, आणि स्वभावानं तिखट. हे लोक सांगतात, मी नाकारत नाही. मार्सेलीन मच्याडो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. लग्नानंतरही आडनाव तेच ठेवलं, कारण पासपोर्ट बदलायचा कंटाळा. बंदरातल्या एका शिपिंग एजंटकडे ती टेलेक्स ऑपरेटर होती. जहाज कधी लागणार, किती कंटेनर उतरणार, असले निरोप ती दिवसभर टाइप करायची. टेलेक्सला वेळाचे पैसे पडतात, म्हणून तिला थोडक्यात लिहायची सवय लागली होती. बोलताना मात्र ती सगळं वसूल करून घ्यायची.

सतीश तिचा नवरा. सांगलीचा, हिंदू, त्याच बंदरात क्रेनच्या देखरेखीवर. दोघांची ओळख मुंबईत एका कंपनीत झाली. लग्न ठरलं आणि त्याला खोर फक्कानची नोकरी मिळाली, आठ दिवसांत हजर व्हा म्हणून. चर्चमध्ये लग्न करायचं तर हिंदू नवऱ्यासाठी बिशपांची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. मार्सेलीनचे वडील म्हणाले, थांब. ती थांबली नाही. कोर्टात सह्या केल्या आणि विमानात बसली. चर्चच्या हिशेबानं ते लग्न धरलं जात नाही. त्यामुळे तिला मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसता येई, पण कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या, रांगेत उभं राहता येत नसे. नंतर सगळं रीतसर करून घेता आलं असतं. मी दहा वेळा सांगितलं. तिचं एकच उत्तर.

"पापा येतील तेव्हा करीन, दुल्सीनबाय. त्यांच्याशिवाय मला फोटो काढायचे नाहीत."

माझं म्हणाल तर मी चर्चला जात नव्हते ते भांडणापायी. चर्च कुठलं ते सांगत नाही. नाताळच्या गाण्यांच्या प्रॅक्टिसला तिथल्या कमिटीतले एक सूटबूटवाले गृहस्थ सगळ्यांसमोर मला म्हणाले, मराठी गाणी लेबर कॅम्पमध्ये म्हणा, इथे स्टॅंडर्ड असतं. मी गाण्याची फाइल त्यांच्या हातात दिली, त्यांच्या स्टॅंडर्डबद्दल माझं मत सांगितलं आणि घरी आले. ते मत मी आजही बदललेलं नाही. तसंही आमच्याकडून चर्चला जायचं म्हणजे डोंगर ओलांडून मसाफी, धैद करत शारजा गाठायचं. एवढा घाट उतरून त्या माणसाचं तोंड बघायला कोण जातंय.

मार्सेलीनच्या ऑफिसात टेलेक्स बंद करून ई-मेल आणला, त्या वर्षी तिच्या साहेबानं जुना कॉम्प्युटर तिला देऊन टाकला. सतीशनं तो जेवणाच्या टेबलावर मांडला आणि फोनची वायर त्याला जोडली. त्या दिवसापासून ते कुटुंब जमिनीवर बसून जेवू लागलं. मार्सेलीननं त्यावर एक ग्रुप काढला आणि ओळखीच्या वसईकरांना निरोप पाठवले, इंग्रजी अक्षरांत मराठी. अबू धाबीजवळच्या मुसाफामध्ये एका कॅम्पवर स्टोअर सांभाळणारा पास्कल कोरिया पहिला आला. तो मार्सेलीनच्या आळीतला, त्याची बायको रोझलीन अजून तिथेच, मार्सेलीनच्या माहेरापासून दोन घरं सोडून. पास्कलला शुक्रवारी सुट्टी होती, पण कॅम्पवरून चर्चपर्यंत जायला गाडी नव्हती. मग शारजाची एक घटस्फोट झालेली बाई आली, जिला चर्चच्या पायरीवर भेटणारी प्रत्येक मावशी नवऱ्याबद्दल विचारायची. मग एक जण आला जो कोणाच्या तरी अंत्यविधीवरून फादरांशी बोलत नव्हता. ह्याचा मित्र, तिची मावसबहीण, असं करत बघता बघता साठ-सत्तर नावं झाली. सगळे चर्चपासून कुठल्या ना कुठल्या कारणानं सुटलेले.

ग्रुपचं नाव तिनं ठेवलं 'मागचा बाक'. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कोण बसतं ते सगळ्यांना माहीत असतं. उशिरा आलेले, लवकर पळायचं असलेले, आणि पुढे बसायची हिंमत नसलेले. नियम एकच होता, कारण विचारायचं नाही. तुम्ही चर्चला का जात नाही, हे कोणी विचारलं तर मार्सेलीन त्याला टेलेक्सच्या भाषेत दोन शब्द पाठवायची, "प्रश्न रद्द." इतकं बरं वाटायचं ते वाचून. मी आपणहून माझं सगळं भांडण लिहून पाठवलं, चांगलं दोन पानी, तर सत्तर जणांनी वाचलं आणि कोणीही मला माफ करायचा सल्ला दिला नाही. असे लोक मला त्याआधी भेटले नव्हते.

फोनचं बिल आलं तेव्हा सतीश हातात धरून उभाच राहिला.

"साडेतीनशे दिरहम. म्हणजे चार हजार रुपये, मार्सेलीन. चार हजारांत सांगलीला माझी आई महिना काढते."

"सिगारेट सोड," मार्सेलीन म्हणाली.

त्यानं खरंच सोडली. मला वाटलं होतं चार दिवस टिकेल, पण टिकली. आमच्या ग्रुपनं चर्चमध्ये परत किती माणसं पाठवली हे मला सांगता येणार नाही, पण एका हिंदू माणसाची सिगारेट सोडवली हे नक्की.

रोजरीची कल्पना पास्कलची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोजरी म्हणजे मरियेची जपमाळ. आमच्याकडे संध्याकाळी घरातली सगळी माणसं मिळून म्हणतात. तिचे पाच भाग, प्रत्येक भागात दहा वेळा 'नमो मारिया'. प्रत्येक भागाच्या आधी येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातली एक घटना मनात आणायची, तिला रहस्य म्हणतात. आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच. कुठल्या वारी कुठली, हे ठरलेलं असतं. आणि घरात कुठला भाग कोणी पुढे होऊन म्हणायचा हेही ठरलेलं असतं. एकाचा भाग दुसरा घेत नाही. जेवणाच्या ताटाच्या जागा बदलतील, ह्या जागा बदलत नाहीत.

पास्कलनं लिहिलं की कॅम्पवर एकट्यानं माळ म्हणताना त्याला मधेच झोप लागते, तर आपण सगळे एका वेळी बसू या का. मार्सेलीननं लगेच पद्धत बसवली. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांनी चॅटच्या खोलीत यायचं. ज्याचा भाग असेल त्यानं रहस्य जाहीर करून नुसता आकडा टाकायचा, एक, दोन, तीन. मग आपापल्या घरी सगळ्यांनी तोंडानं म्हणायचं. झालं की त्यानं 'आमेन' टाकायचं. बाकी एक अक्षर नाही, कारण लाइन कधी तुटेल त्याचा भरवसा नव्हता.

पहिल्याच शुक्रवारी भांडण झालं. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं, हे शेंबडं पोरही सांगेल, आणि तसं मी लिहिलं. पास्कल म्हणाला, आखातात सुट्टी शुक्रवारी, रविवारची मिस्सा शुक्रवारी, म्हणजे आपला शुक्रवार हाच रविवार, तेव्हा गौरवाची. अर्धे त्याच्या बाजूनं झाले, अर्धे माझ्या. शारजाच्या बाईनं कधी काळी फादरांना विचारलं होतं, पण उत्तर तिला आठवत नव्हतं. टाइप करून भांडायला फार वेळ लागतो. माझं एक वाक्य पोचेपर्यंत पास्कलची दोन आलेली असायची, आणि मी आधीच्याला दिलेलं उत्तर पुढच्याला लागू पडायचं. शेवटी मार्सेलीननं निकाल दिला.

"आठवड्यातून एक सुट्टी. घरात बिर्याणी. दुःख कशाला. आनंदाची म्हणा. खलास."

नियमात बसत नव्हतं, पण सगळे दमले होते. त्या दिवसापासून मागच्या बाकावर शुक्रवारी आनंदाची रहस्यं सुरू झाली. जगात दुसरीकडे कुठे असं चालत असेल असं मला वाटत नाही.

भाग वाटून घेताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मार्सेलीन पहिला घेई, पाचवा घेई, कोणी नसलं तर दोन घेई, पण तिसरा कधी घेत नसे. तिसरा कायम पास्कलच्या गळ्यात. एकदा पास्कल आला नाही तर तिनं तो मला दिला आणि स्वतः गप्प बसली. मी त्याच दिवशी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"तिसऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

ती कांदा चिरत होती. आधी हसली. मग सुरी खाली ठेवली.

"घरी तो माझा होता. पहिला पापांचा, दुसरा आईचा, तिसरा माझा, चौथा जेरोमचा, पाचवा सेलीनचा. मी सहा वर्षांची असल्यापासून."

"मग?"

"मग मी इथे आले. आई फोनवर बोलते, पापा बाहेर गेलेत म्हणते. ते बाहेर गेलेले नसतात, मागे खोकताना ऐकू येतात. ते जाऊ दे. पण तिसरा भाग आता कोण म्हणतं, हे मी आईला अजून विचारलं नाही. सेलीनला दिला असेल. द्यायलाच पाहिजे ना, माळ अर्धी कशी सोडणार. चर्चनं मला रांगेत उभं नाही केलं तर मी सहन करते, दुल्सीनबाय. पण पापांनी माझा भाग दुसऱ्याला दिला असेल तर ते मला ऐकायचं नाही."

मग मला साडेसहाचा अर्थ लागला. खोर फक्कानला साडेसहा म्हणजे वसईत आठ. तिच्या घरी माळेला बसायची वेळ. सत्तर माणसांचा ग्रुप तिनं बापाच्या घड्याळाला बांधला होता आणि कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. मला तिच्या बापाचा असा राग आला की मी उरलेला कांदा चिरून टाकला.

बापाचं नाव बावतीस. केळीची बाग, हातात कायम कोयता, आणि आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाची देखभाल त्यांच्याकडे. मे महिन्यात क्रुसापुढे सगळी आळी जमून लदीन म्हणते, तेव्हा पुढे उभे राहणारे ते. प्रार्थनेतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मधेच थांबवून परत म्हणायला लावत. लहानपणी मार्सेलीनला एकदा भर लदीनीत तीन वेळा परत म्हणायला लावलं होतं. हे ती मोठ्या अभिमानानं सांगायची, शाळेत पहिला नंबर आल्यासारखं.

आता ग्रुपची बातमी वसईत कशी गेली, तर रोझलीनमुळे. तिथे स्टेशनजवळ सायबर कॅफे निघाला होता. शुक्रवारी संध्याकाळी रोझलीन तिथे जाऊन बसायची, पास्कलबरोबर माळ म्हणायला. तिचं बघून आणखी बायका जाऊ लागल्या, ज्यांचे नवरे इकडे होते. कॅफेवाल्याला आधी वाटलं, ह्या बायका चोरून काही बघायला येतात. मग त्यानं कान देऊन ऐकलं आणि अर्धे पैसे घेऊ लागला. आळीत चर्चा झाली, मच्याडोंच्या मार्सेलीननं कॉम्प्युटरवर रोजरी काढलीय. आणि रोझलीननं, जिच्या पोटात काही राहत नाही, बावतीसकाकांना हेही सांगितलं की शुक्रवारी आनंदाची रहस्यं म्हणतात.

त्यानंतरच्या शुक्रवारी रोझलीननं माळ झाल्यावर निरोप टाकला. मी मार्सेलीनच्या शेजारीच होते.

"बावतीसकाका सांगतात, शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात. आनंदाची सोमवारी आणि गुरुवारी. चूक सुधारा."

मार्सेलीन पडद्याकडे बघत राहिली. मग खुर्चीवरून उठली आणि त्या छोट्याशा हॉलमध्ये गोल फिरली. सतीश आतून धावत आला.

"काय झालं?"

"पापा ओरडले," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. "मला ओरडले, सतीश. नऊ वर्षांनी."

"अगं पण ओरडले ना?"

"होय. मलाच."

मिहिका माझ्याकडे वळून म्हणाली, "इज शी हॅपी ऑर सॅड?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांना विचार.

मला वाटलं, आता पुढच्या शुक्रवारी दुःखाची रहस्यं. मी तर खूश होते, कारण माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. पण मार्सेलीनचा बेत वेगळाच. पुढच्या शुक्रवारीही तिनं आनंदाचीच जाहीर केली. वसईहून लगेच निरोप आला, "मागच्या वेळी सांगितलं होतं. समजलं नाही का?" त्याच्या पुढच्या आठवड्यात, "क्रुसापुढे मी जे शिकवलं ते पाण्यात गेलं." नंतर, "निदान चालीसाच्या दिवसांत तरी दुःखाची म्हणा, येशूची लाज बाळगा." चालीस म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. त्या दिवसांतही मार्सेलीन शुक्रवारी आनंदाची म्हणत राहिली आणि सत्तर माणसांना म्हणायला लावत राहिली.

"तू हे मुद्दाम करतेस," मी म्हटलं.

"इन्शाल्ला अजून वर्षभर करीन. मी सुधारले तर ते गप्प होतील."

पुढे पुढे काका रोझलीनवर विसंबून राहीनात. तिला सगळं लक्षात राहत नाही म्हणून स्वतः तिच्याबरोबर कॅफेत जाऊ लागले आणि मागे उभं राहून शब्द सांगू लागले. शुक्रवारी बागेचं काम लवकर आटपून, धुतलेला शर्ट घालून जातात, असं रोझलीन कळवायची. शुक्रवारी घरची माळ त्यांच्यामुळे उशिरा सुरू व्हायची, आणखी उशीर नको म्हणून निरोप टाकून सायकलवर परत. सगळा ग्रुप त्या निरोपाची वाट बघायचा. काय ओरडतील ह्यावर पास्कलच्या कॅम्पवर पैजा लागायच्या. शारजाच्या बाईनं लिहिलं की तिला स्वतःचे वडील नाहीत, तर बावतीसकाकांनी तिलाही थोडं ओरडावं. काकांनी तिला ओरडून दाखवलं, आणि मग विचारलं, जेवलीस का. मार्सेलीनला मात्र त्यांनी रहस्यांपलीकडे एक अक्षर लिहिलं नाही. जेवलीस का, हेसुद्धा नाही. तेवढ्याकरता ती अजून थांबून होती.

नाताळ झाला. नवं वर्ष लागलं. जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी वसईहून निरोप आला.

"लिहून कळत नाही तर येऊन सांगतो. व्हिसा काढा. बावतीस."

व्हिसा काढेपर्यंत सतीश सुतासारखा सरळ वागला. हॉलला रंग दिला, भिंतीवरचा गणपती काढून आत ठेवला, मार्सेलीननं तो परत जागेवर लावला. पुन्हा काढला, पुन्हा लावला. शेजारच्या मैमुनाबी, रत्नागिरीकडच्या, त्यांनी माशांचं कालवण पाठवलं. "लेकीच्या घरी पहिल्यांदा येतायत ना," त्या म्हणाल्या, "मग चूल एका घराची पुरत नाही."

बावतीसकाका विमानतळावरून आले ते हातातली पिशवी कोणाला न देता. उंच, वाळलेले, कोट घातलेला. घरात येऊन त्यांनी आधी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग गणपतीकडे, मग सतीशकडे. मार्सेलीन पाया पडायला वाकली तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत. पिशवीतून सुकेळी काढली. वसईची पिकलेली केळी उन्हात वाळवून, पानात बांधून ठेवतात ती. सतीशपुढे ठेवली. सतीशनं एक खाल्लं, मग दुसरं, मग बोलायला काही सुचेना म्हणून तिसरं आणि चौथं.

"आमच्याच बागेची आहेत," काका म्हणाले.

"सर, एकदम फर्स्ट क्लास," सतीश म्हणाला.

"सर नको म्हणू. मी शाळेत नाही शिकवत."

सतीशनं पाचवं उचललं. मला हसू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तिथे मार्सेलीन तोंडात पदर कोंबून उभी होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळची, मगरिबची अजान होऊन गेली. काका आंघोळ करून, तोच कोट घालून टेबलाशी आले. मी टाइप करायला बसले, कारण मार्सेलीननं खुर्ची मला देऊन टाकली होती. त्या दिवशी चॅटच्या खोलीत इतकी गर्दी कधी नव्हती. महिनोन्महिने न फिरकलेलेही आले होते. पास्कल होता, शारजाची बाई होती. वसईच्या कॅफेत मार्सेलीनची आई, भाऊ जेरोम आणि बहीण सेलीन येऊन बसले होते. कॅफेवाल्यानं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत म्हणे.

"लिही," काका मला म्हणाले. "आज शुक्रवार. दुःखाची रहस्यं. आज सगळी माळ आमच्या घरचे म्हणतील, बाकीच्यांनी साथ द्यावी. भाग नेहमीप्रमाणे."

मी लिहिलं. मार्सेलीन सतीशच्या शेजारी जमिनीवर बसली होती, हातात माळ. नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, हे विचारायच्या ऐवजी तिनं माळेचा पहिला मणी धरला.

काकांनी पहिलं रहस्य जाहीर केलं. मी 'एक' टाकलं. सतीशसकट सगळ्यांनी म्हटलं. ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं आणि काकांच्या ते लक्षात आलं. मी 'आमेन' टाकलं. थोड्या वेळानं वसईहून 'दोन' आलं. तो आईचा. दहा नमो मारिया, आणि 'आमेन'.

मग पडदा थांबला. तिसऱ्याचा आकडा वसईहून येईना. सेलीन टाकेल म्हणून मी वाट बघत होते. जेरोमही टाकीना. मला वाटलं लाइन तुटली, नेमकी आजच. मी फोनच्या वायरला हात घातला.

"राहू दे," काका म्हणाले. "लाइन चालू आहे."

"पण कोणी टाकत नाहीये, काका."

"टाकणार नाही. घरी असंच असतं." ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते जमिनीवर बसलेल्या लेकीकडे. "तिसऱ्याला आम्ही थांबतो. दहा नमो मारिया म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग जेरोम चौथा सुरू करतो. सेलीननं एकदा विचारलं, मी म्हणू का. मी म्हटलं, ज्याचा भाग त्यानं म्हणायचा."

मार्सेलीनच्या हातातली माळ खाली पडली. सतीशनं उचलून तिला दिली. रोज संध्याकाळी आठ वाजता त्या घरात चार माणसं गप्प बसत होती, आणि इकडे ही बया साडेसहाला तिसरा भाग सोडून बाकीचे म्हणत होती. मी बापावर एवढा राग धरून बसले होते, तो आता कुठे ठेवायचा ते मला कळेना.

मी 'तीन' टाकायला बोट पुढे केलं. मार्सेलीन उठली, माझा हात बाजूला केला आणि आकडा स्वतः टाकला. मग वडिलांसमोर गुडघ्यांवर बसून तिनं माळ धरली.

"आनंदाचं तिसरं रहस्य," ती म्हणाली. "प्रभू येशूचा जन्म."

सवयीनं तोंडातून गेलं. पहिली दोन दुःखाची, आणि मधेच हे. दुःखाचं तिसरं म्हणजे काट्यांचा मुकुट, तो म्हणायला हवा होता. मी काकांकडे बघितलं. सतीशनं बघितलं. मिहिका माझ्या कानात म्हणाली, "ही विल करेक्ट हर." ह्याच एका चुकीसाठी वर्षभर निरोप पाठवणारा माणूस, ह्याच चुकीसाठी समुद्र ओलांडून आलेला.

काकांनी डोळे मिटून घेतले होते.

"म्हण, बाय," ते म्हणाले. "सगळे थांबलेत."